आयव्हीएफ वारंवार अयशस्वी होत असेल तर पुढच्या प्रयत्नापूर्वी काय करावे?

भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचे ते दहा-चौदा दिवस, आणि शेवटी हाती आलेला 'निगेटिव्ह' रिपोर्ट. हे एकदा सोसणेही कठीण असते. दोन-तीन वेळा असेच घडले की मनात प्रश्नांचे काहूर माजते. आपल्यातच काही दोष आहे का? हॉस्पिटल बदलावे का? जिना चढल्यामुळे तर असे झाले नसेल?

जिना चढण्याने, घरकामाने, प्रवासाने किंवा शिंकण्याने भ्रूण बाहेर पडत नाही. दिवसभर अंथरुणावर पडून राहिल्यानेही यशाची शक्यता वाढत नाही. त्यामुळे स्वतःला दोष देणे आधी थांबवा. पुढच्या वेळी कोणते नवे इंजेक्शन घ्यायचे, हा प्रश्नही थोडा बाजूला ठेवा. त्याआधी मागच्या प्रयत्नांत अडचण नेमकी कोणत्या टप्प्यावर आली, हे समजून घ्यायला हवे. उपाय त्यावरच अवलंबून असतो.

तीन वेळा अपयश म्हणजे मोठा दोष असतोच का?

नाही. समजा, तुमच्या वयाच्या स्त्रीला प्रत्येक वेळी भ्रूण सोडल्यावर गर्भधारणेची शक्यता ३० टक्के आहे. अशा १०० जोडप्यांपैकी साधारण ३४ जोडप्यांना सलग तीन वेळा अपयश येईल, तेही कोणताही नवा दोष नसताना. हा केवळ गणिताचा भाग आहे. म्हणूनच किती वेळा अपयश आले एवढेच पाहून चालत नाही. स्त्रीचे वय काय, भ्रूण कसे होते आणि किती सोडले, हेही पाहावे लागते.

भ्रूण न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे त्यातील गुणसूत्रांची कमी-अधिक संख्या. स्त्रीचे वय वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते. चाळिशीनंतर तयार होणाऱ्या निम्म्याहून अधिक भ्रूणांत असा बिघाड असतो. असा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसला तरी बहुधा रुजत नाही, किंवा रुजून लवकर गर्भपात होतो.

आधी फाइल हातात घ्या

उपचाराची संपूर्ण कागदपत्रे मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- कोणती इंजेक्शने, किती डोसमध्ये, किती दिवस दिली
- किती स्त्रीबीजे मिळाली आणि त्यांपैकी किती परिपक्व होती
- किती फलित झाली, किती भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढले आणि त्यांची प्रत काय होती
- भ्रूण सोडताना गर्भाशयाच्या अस्तराची जाडी किती होती
- प्रत्येक वेळी बीटा एचसीजी किती आले

अडचण कोणत्या टप्प्यावर आली?

*स्त्रीबीजे कमी मिळाली.* औषधांचा प्रकार, डोस किंवा शेवटच्या 'ट्रिगर' इंजेक्शनची वेळ बदलून फरक पडू शकतो. हे इंजेक्शन ठरल्या वेळीच घ्यावे लागते, कारण स्त्रीबीजे साधारण ३४ ते ३६ तासांनी काढली जातात. एएमएच कमी असेल तर बीजांची संख्या कमी असते. पण त्यावरून बीजांची प्रत कळत नाही. प्रत मुख्यतः वयावर ठरते.

*फलन झाले नाही किंवा भ्रूण वाढले नाहीत.* येथे बीज आणि शुक्रजंतू दोन्ही तपासावे लागतात. फलन होत नसेल तर इक्सी पद्धत उपयोगी पडते. लॅबचा दर्जाही महत्त्वाचा असतो.

*चांगले भ्रूण सोडूनही रुजले नाहीत.* अशा वेळी गर्भाशयाची नीट तपासणी करायला हवी.

*बीटा पॉझिटिव्ह आले, पण गर्भ टिकला नाही.* हा वेगळा प्रश्न आहे. वारंवार गर्भपात होत असेल तर पती-पत्नीच्या गुणसूत्रांची आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची तपासणी करतात. ही अँटिबॉडी १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा आढळली तरच निदान पक्के होते. मग अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा उपयोग होतो.

गर्भाशय आणि गर्भनलिकांमध्ये काय पाहायचे?

- पाणी भरलेली गर्भनलिका: हे पाणी गर्भाशयात उतरते आणि यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणते. भ्रूण सोडण्यापूर्वी दुर्बिणीतून ती नलिका काढली किंवा बंद केली तर फायदा होतो. सोनोग्राफीत ती दिसली असेल तर दुर्लक्ष करू नका.
- पॉलिप, पोकळीतील फायब्रॉइड, पडदा, चिकटलेले भाग: हिस्टेरोस्कोपीत दिसतात आणि बऱ्याचदा त्याच वेळी काढता येतात. गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या लहान फायब्रॉइडला सहसा हात लावावा लागत नाही.
- जननेंद्रियांचा क्षयरोग: आपल्याकडे याचा विचार करावाच लागतो. ताप-खोकला नसतानाही तो अस्तर आणि नलिका खराब करू शकतो. मात्र केवळ एका पीसीआर रिपोर्टवरून सहा महिन्यांची औषधे सुरू करणे योग्य नाही. बायोप्सी, कल्चर आणि दुर्बिणीतून दिसणारी लक्षणे एकत्र पाहून निर्णय घ्यावा.
- अस्तराची जुनी सूज: बायोप्सीत आढळल्यास अँटिबायोटिक औषधांनी बहुतेक वेळा बरी होते.
- पातळ अस्तर: जाडी ७ मिलिमीटरपेक्षा कमी राहत असेल तर कारण शोधावे.

यासोबत थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि मधुमेहाची तपासणी झाली आहे ना, हेही पाहा.

पतीची तपासणी राहून जाते

आपल्याकडे स्त्रीच्या दहा तपासण्या होतात आणि पुरुषाचा दोन वर्षांपूर्वीचा एकच रिपोर्ट फाइलमध्ये असतो. वीर्यतपासणी पुन्हा करा. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि दारू बंद करा. जिममधली स्टेरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती पार थांबवू शकतात; घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून आज केलेल्या बदलाचा परिणाम तेव्हा दिसतो.

मधल्या काळात तुम्ही काय करू शकता?

- वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटले तरी, विशेषतः पीसीओएसमध्ये, फायदा होतो.
- फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू ठेवा. मधुमेह किंवा जास्त वजन असल्यास डोस डॉक्टरांना विचारा.
- मिश्री आणि तंबाखू दोघांनीही सोडा.
- कोणताही काढा, चूर्ण किंवा गावठी औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

पण वय ३८ च्या पुढे असेल तर वजन कमी करण्यासाठी वर्षभर थांबू नका. त्या वयात वाया गेलेल्या वेळेचे नुकसान अधिक असते.

महागड्या 'जोड-उपचारां'बद्दल

निराश जोडप्याला 'हेही करून पाहू' असे म्हटले की नकार देणे जड जाते. अस्तराला ओरखडा देण्याचा उपाय मोठ्या अभ्यासांत फायदेशीर ठरलेला नाही. इंट्रालिपिड, इम्युनोग्लोब्युलिन, सरसकट दिलेली हेपॅरिनची इंजेक्शने यांचाही वारंवार अपयशात उपयोग सिद्ध झालेला नाही. पीजीटी-ए ही भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी आहे. तिने भ्रूण सुधारत नाही, फक्त निवड करता येते. स्त्रीचे वय जास्त असून भ्रूणही बरेच असतील तर तिचा विचार करता येतो. एक-दोनच भ्रूण असतील तर फायदा मर्यादित. तिच्यातून बाळाचे लिंग सांगणे कायद्याने गुन्हा आहे.

एकावेळी जास्त भ्रूण सोडण्याचा आग्रहही धरू नका. त्याने जुळे आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ होण्याचा धोका वाढतो.

कोणताही जादा उपचार सुचवला तर तीन प्रश्न विचारा: माझ्या कोणत्या रिपोर्टमुळे हा सुचवता? त्याने शक्यता किती वाढेल? खर्च आणि धोका काय?

मर्यादा आधीच ठरवा

पुढची सायकल सुरू होण्यापूर्वीच दोघांनी बसून ठरवा: अजून किती प्रयत्न, किती खर्च. कर्ज काढून किंवा दागिने मोडून निर्णय घेण्याची वेळ येण्याआधी हे बोलणे झालेले बरे. झोप उडणे, सतत रडू येणे, कार्यक्रमांना जाणे टाळावेसे वाटणे, असे होत असेल तर समुपदेशकाची मदत घ्या. तो अशक्तपणा नव्हे. नातेवाइकांना काय आणि किती सांगायचे, हेही तुम्हीच ठरवायचे.

स्वतःच्या बीजांनी यश येण्याची शक्यता फार कमी असेल तर दात्याच्या स्त्रीबीजांचा पर्याय असतो. त्यात यश मुख्यतः दात्याच्या वयावर अवलंबून असते. २०२१ च्या कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वर्षांची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच दान करता येते. उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ वर्षे ही कमाल वयोमर्यादा आहे. क्लिनिक या कायद्याखाली नोंदलेले आहे का, ते पाहा. दत्तक घेणे हाही स्वतंत्र, पूर्ण मार्ग आहे. मूल कायदेशीर दत्तक घ्यायचे असेल तर 'कारा'कडे नोंदणी करता येते.

डॉक्टरांना ताबडतोब कधी दाखवावे?

उपचारादरम्यान पोट वेगाने फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा एक-दोन दिवसांत वजन बरेच वाढणे; तसेच बीटा पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला तीव्र पोटदुखी किंवा चक्कर येणे, अशा वेळी रात्र असली तरी थांबू नका. थोडा रक्तस्राव दिसला म्हणून प्रोजेस्टेरॉन मात्र स्वतःहून बंद करू नका. आधी फोन करून विचारा.

पुढच्या भेटीला जाताना फाइल आणि प्रश्नांची यादी सोबत न्या, आणि दोघेही जा. 'मागच्या वेळी काय झाले आणि या वेळी आपण काय वेगळे करणार आहोत?' या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. आणि 'काही बदलण्याची गरज नाही, पुन्हा प्रयत्न करू' असे उत्तर कारणांसह मिळाले, तर तेही बरोबर असू शकते.