अडतीस मिनिटं तीन सेकंद

लास वेगासला शनिवारची रात्र असते तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळात रविवारचं ऊन चांगलं वर आलेलं असतं. नोव्हेंबरात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतेरा तासांचं अंतर. ५ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री तिकडे एमजीएम ग्रँड हॉटेलात मायकेल मूरर नावाचा २६ वर्षांचा जगज्जेता ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनकडून हरला. इकडे उसाला तोड लागायचे दिवस होते आणि दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. मूरर हे नाव या भागात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्या रात्री जे झालं ते जत्रेच्या फडात बसलेल्या शिरोळच्या म्हाताऱ्यांना लगेच उमगलं असतं.

ही हकिकत फोरमनच्या बाजूनं हजारदा सांगून झाली आहे. सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात म्हातारा जिंकतो. मूररच्या बाजूनं पाहिलं तर तो एक अपघात होता, आणि अपघात म्हटला की तो केव्हापासून सुरू झाला हे पाहावं लागतं.

२० वर्षं आणि एक आठवडा आधी

३० ऑक्टोबर १९७४, झाईरमधलं किन्शासा, पहाटेचे चार. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना सोयीची वेळ हवी म्हणून लढत अशा अवेळी ठेवलेली. फोरमन तेव्हा २५ वर्षांचा होता. ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. जो फ्रेझरला त्यानं दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडलं होतं. समोर ३२ वर्षांचा महंमद अली. हा आता उतरणीला लागला, असं जाणकारांचं मत. अली दोरांना पाठ टेकवून मार खात राहिला, फोरमनचा दम संपला, आणि आठव्या फेरीच्या शेवटच्या सेकंदांत फोरमन कोसळला.

नंतर फोरमननं कारणं शोधली: दोर सैल होते, पाण्यात काहीतरी मिसळलं होतं, पंचांनी आकडे भरभर मोजले. हरलेला माणूस असंच बोलतो. अलीच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी होता, हे नाव लक्षात ठेवायचं.

१४ वर्षं आधी

ऑक्टोबर १९८०. जगज्जेता लॅरी होम्सपुढे ३८ वर्षांचा अली. होम्सनं दहा फेऱ्या त्याला मारलं, शेवटी डंडीनंच लढत थांबवायला लावली. होम्स जिंकला आणि रडला. त्या विजयानं त्याची किंमत एका पैशानं वाढली नाही, उलट आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाला मारणारा म्हणून लोकांनी त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. मूररच्या बाबतीत जे पुढे झालं त्याची ही दुसरी बाजू. म्हाताऱ्याला हरवून काही मिळत नाही, आणि हरलं तर सगळं जातं.

साडेतीन वर्षं आधी

एप्रिल १९९१. दहा वर्षं धर्मोपदेश करून परतलेला, वजन वाढलेला, ४२ वर्षांचा फोरमन जगज्जेत्या इव्हँडर होलिफिल्डसमोर बाराही फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. नाव मात्र फोरमनचं झालं. ही खूण कुणीतरी ओळखायला हवी होती.

साडेसहा महिने आधी

२२ एप्रिल १९९४, लास वेगास, सीझर्स पॅलेस. मूरर विरुद्ध होलिफिल्ड. दुसऱ्या फेरीत मूरर खाली पडला आणि उठला. पुढे तो कंटाळल्यासारखा खेळू लागला, तेव्हा त्याचा प्रशिक्षक टेडी अॅटलस फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात मूररच्या स्टुलावर स्वतःच जाऊन बसला आणि तुझ्याऐवजी आता मीच लढू का, असं त्याला विचारलं. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादानं एक ठेवून दिली असती. अमेरिकेत स्टुलावर बसतात. औषध लागू पडलं. मूरर निसटत्या मतांनी जिंकला आणि हेवीवेटचा पहिला डावखुरा जगज्जेता झाला.

पण हे यश त्याच्या पदरात पुरतं पडलंच नाही. लढतीनंतर होलिफिल्डच्या हृदयात दोष असल्याचं निदान झालं. पुढे ते चुकीचं ठरलं, पण तोवर लोकांचा निकाल झाला होता: मूरर जिंकला नाही, होलिफिल्ड आजारी होता. आता त्याला असा एक विजय हवा होता ज्याच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. त्यासाठी त्यानं कुणाला निवडावं? फोरमनला.

काही महिने आधी

मला तर खरा घात इथे, करारावरच्या सहीत दिसतो.

फोरमनची मागची लढत जून १९९३ ची, टॉमी मॉरिसनविरुद्ध, आणि तीही त्यानं हरलेली. त्यानंतर सतरा महिने तो रिंगणात उतरलेला नव्हता. जागतिक मुष्टियुद्ध संघटनेनं ही लढत मान्य करायला नकार दिला. फोरमन नेव्हाडातल्या न्यायालयात गेला आणि जिंकून आला. म्हणजे मूररचा पट्टा पणाला लावण्याचा हक्क फोरमननं कोर्टातून मिळवला, आणि ती बातमी पुन्हा फोरमनचीच झाली. मूरर आपल्याच जगज्जेतेपदाच्या लढतीत दुय्यम पात्र होता.

आपल्याकडे जत्रेच्या मैदानात जोड ठरवताना जाणता वस्ताद दोन्ही पैलवान नजरेनं तोलतो. चढत्या पोराला तो मोठ्या नावाच्या उतरत्या पैलवानाशी सहसा लावत नाही. पोराला मार बसेल ही भीती नसते. पोरगा जिंकला तर "म्हाताऱ्याला पाडलं, त्यात काय" म्हणत लोक धोतर झटकून उठतात, आणि हरला तर पुढची दहा वर्षं चहाच्या टपरीवर त्याची पाठ लागलेलीच असते. मूररकडे पैसा होता, पट्टे होते, चांगला प्रशिक्षक होता. पण ही जोड नको असं सांगणारा कुणी नव्हता. असलाच तर त्याचं ऐकलं गेलं नाही. मोबदला मोठा होता, आणि गर्दी खेचत होता फोरमन.

२४ तास आधी

वजनं नोंदली गेली: फोरमन २५० पौंड, मूरर २२२. पैजेचा भाव मूररच्या बाजूला. ३५ लढती, ३५ विजय. लाइट हेवीवेटमध्ये तर त्यानं बावीसच्या बावीस लढती नॉकआउटनं संपवल्या होत्या. एवढा हिशेब मांडल्यावर शंकेला जागा उरत नाही, असं वाटतं.

एक गोष्ट मात्र या आकड्यांत कुठेच दिसत नव्हती. वय झालं की पाय जातात, मग दम, मग नजर. ठोशातलं वजन सगळ्यांत शेवटी उतरतं. फोरमनकडे ते पुरतं शिल्लक होतं.

१२ तास आधी

लास वेगासला शनिवारची सकाळ, शिरोळात शनिवारची रात्र, जेवणंखाणं आटोपलेली. इथून पुढचा मूररचा दिवस मी रंगवून सांगू शकेन, पण तो कल्पनेचा कारभार होईल.

तासाभरापूर्वी

फोरमन तयार होतो. अंगात लाल चड्डी, किन्शासाला घातली होती तीच. त्याच्या कोपऱ्यात उभा आहे अँजेलो डंडी, किन्शासाला समोरच्या कोपऱ्यात होता तोच. २० वर्षांपूर्वी ज्यानं आपल्याला हरवण्याची आखणी केली त्यालाच त्यानं पगारावर घेतलं होतं. हरण्यातून शिकणं म्हणतात ते इतकं रोखठोक मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मूररजवळ शिकण्यासारखी एकही हार नव्हती.

३८ मिनिटं ३ सेकंद आधी

पहिली घंटा. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती. मूररचा उजवा जॅब फोरमनच्या चेहऱ्यावर हवा तेव्हा बसतो. फोरमन संथ चालतो. विश्रांतीतही तो स्टुलावर बसत नाही, उभाच राहतो. बसला तर उठायला त्रास, अशी थट्टा लोक करत.

२२ मिनिटं ३ सेकंद आधी

पाचवी फेरी सुरू. चित्र तेच. फोरमनचे डोळे सुजू लागलेत. मूररचे ठोसे जास्त बसतायत. पण मारून तो बाजूला सरकत नाही, तिथेच थांबतो, समोर. अॅटलस वारंवार त्याला तेच बजावतोय: याच्या समोर उभा राहू नकोस, सरकत राहा. मूरर बहुतेक फेऱ्या जिंकतोय, मग सरकायचं कशाला? सावध माणसाचा सल्ला सगळं बरं चाललेलं असताना कुणी ऐकत नाही. महापुराच्या आधी धरणाचे आकडे वाचणाऱ्यांचंही शिरोळात असंच होतं.

३ मिनिटं ३ सेकंद आधी

नववी फेरी संपली. तिन्ही पंचांच्या कागदावर मूरर पुढे: दोघांकडे ८८–८३, तिसऱ्याकडे ८६–८५. शेवटच्या तीन फेऱ्या नुसत्या पळून काढल्या तरी पट्टे त्याचेच. डंडी फोरमनला सांगतो, तू मागे आहेस, आता याला पाडल्याशिवाय गत्यंतर नाही.

इथे बॉक्सिंग आणि आपली मातीतली कुस्ती अगदी जवळ येतात. फडात गुण नसतात. वीस मिनिटं तुम्ही वर असलात आणि एकविसाव्या मिनिटाला पाठ टेकली की हलगी दुसऱ्यासाठी वाजते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जमणारी गर्दी त्याच एका क्षणासाठी जमते. कुस्ती बरोबरीत सुटली की तीच गर्दी हिरमुसून घरी जाते. म्हणून फडातल्या म्हाताऱ्यांना हे लगेच उमगलं असतं, असं मी म्हटलं. निर्विवाद वर असलेला पैलवान जिंकलेला नसतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मूररच्या डोक्यात मात्र गुणपत्रिका होती.

२ मिनिटं ३ सेकंद आधी

दहावी फेरी. फोरमनचा डावा जॅब, मागून उजवा. बसतो. पुन्हा तेच. आधीच्या नऊ फेऱ्या जो हात लांब लांब पडत होता तो आता अंतर मोजून येतोय. मूरर अजूनही समोरच आहे.

१० सेकंद आधी

डावा, आणि मागून उजवा, आखूड, सरळ, हनुवटीवर. मूरर पाठीवर पडला. पंच जो कॉर्टेझ आकडे मोजू लागले.

शून्य

दहाव्या फेरीची २ मिनिटं ३ सेकंद. फोरमन कोपऱ्यात गुडघ्यावर बसून प्रार्थना करतोय. समालोचक जिम लॅम्पली ओरडतोय. हेवीवेटचा आजवरचा सर्वांत वयस्क जगज्जेता. आधीचा विक्रम जर्सी जो वॉलकॉटचा, ३७ वर्षांचा. मूरर अजून पुरता सावरलेला नाही. एका आठवड्यानं त्याचा २७ वा वाढदिवस आहे.

नंतर

वॉलकॉटचं नाव निघालं म्हणून त्यानं हरवलेल्या माणसाबद्दल. इझार्ड चार्ल्सनं वॉलकॉटला दोनदा हरवलं होतं, आणि जुलै १९५१ मध्ये सातव्या फेरीत त्याच वॉलकॉटनं त्याला आडवं केलं. कित्येक वर्षं चार्ल्स म्हणजे म्हाताऱ्याकडून मार खाल्लेला जगज्जेता, एवढीच त्याची ओळख होती. आज बॉक्सिंगचे अनेक इतिहासकार त्याला लाइट हेवीवेटमधला सर्वश्रेष्ठ मानतात. निकाल बदलायला लोकांना काही दशकं लागली, आणि ते पाहायला चार्ल्स नव्हता. तो १९७५ मध्ये गेला.

फोरमनचं उलटं झालं. किन्शासाच्या हारीनं त्याचं नाव पुसलं नाही, कारण त्याला हरवणारा अली होता, आणि अलीचं मोठेपण जसजसं वाढत गेलं तसतशी ती हारही मोठी होत गेली. शिवाय तिची भरपाई करायला त्याला २० वर्षं मिळाली. ती भरपाई त्यानं मूररच्या खात्यातून केली.

मूरर संपला असंही नाही. फोरमननं त्याला परतीची लढत दिली नाही. फोरमनचे पट्टे एकेक करून गेले, आणि त्याच्या नावाचं मांस भाजायचं यंत्र मात्र १० कोटींच्या वर खपलं. मूररनं जून १९९६ मध्ये जर्मनीत अॅक्सेल शुल्झला हरवून त्यातला एक पट्टा परत मिळवला. म्हणजे तो पुन्हा जगज्जेता झाला. हे किती जणांना आठवतं? १९९७ मध्ये होलिफिल्डनं त्याला आठ फेऱ्यांत पुरता मोडला, २००२ मध्ये डेव्हिड टुआनं अर्ध्या मिनिटात. या दोन्ही हारी शुद्ध खेळाच्या दृष्टीनं फोरमनकडून झालेल्या हारीपेक्षा वाईट होत्या. पण त्यांच्यामुळे त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण तिथे तो अधिक सरस माणसाकडून हरला. ५ नोव्हेंबरच्या रात्री तो सरस होता, आणि हरला. लोक क्षमा करत नाहीत ते याला.

२०२४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, फोरमननंतर २१ वर्षांनी. फोरमन २१ मार्च २०२५ रोजी वारला, आणि त्याच्या मृत्युलेखांत मूररचं नाव पुन्हा एकदा आलं, कर्म म्हणून, कर्ता म्हणून नव्हे.

मला मूररची एक वेगळीच लढत सांगावीशी वाटते. डिसेंबर २००४, कॅलिफोर्निया. ३७ वर्षांचा, जड झालेला, संपला म्हणून सोडून दिलेला मूरर कझाकस्तानच्या ३० वर्षांच्या व्हॅसिली जिरॉव्हसमोर उभा आहे. जिरॉव्ह ऑलिम्पिक सुवर्णपदकवाला, माजी जगज्जेता. आठ फेऱ्या झाल्यावर पंचांच्या कागदावर मूरर मागे आहे. नवव्या फेरीत तो जिरॉव्हला पाडतो आणि लढत संपवतो.