खाडीपलीकडची नर्सबाई

गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली आणि तिथे, नवऱ्याच्या धाकात का होईना, आनंदीबाईंचा अभ्यास नेटाने चालला. पुढे बाळंतपणानंतर दहा दिवसांतच त्यांचं मूल गेलं. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांची गोष्ट घरोघरी माहीत आहे. त्यांच्यामागून आलेल्या नर्सबाईंची मात्र कुणी सांगत नाही.

मुंबईत जे.जे. रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला आल्या. हिंदी बायकांतलं हे पहिलं नाव मानलं जातं. पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर विधवांना ससूनमध्ये परिचारिका व्हायला धाडलं. परक्याचं मलमूत्र काढणारी बाई म्हणून समाज नाक मुरडायचा. तिने पुस्तकही वाचावं, अशी अपेक्षा कुणाची असणार?

कुलाबा जिल्ह्याच्या (रायगड हे नाव १९८१ चं) किनाऱ्यावर तोवर सुईणच होती. १९५१ पासून देशात एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम सुरू झाला, हळूहळू उपकेंद्रं उभी राहिली आणि साधारण पाच हजार वस्तीमागे एक नर्सबाई आली. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोठा दवाखाना अलिबागला, आणि मधे खाडी. आगरदांडा-दिघीसारख्या ठिकाणी पलीकडे जायचं ते पाण्यावरून. पावसाळ्यात मांडव्याहून मुंबईला जाणारी लाँचही बंद असायची. अशा जागी रात्री बाळंतीण अडली की विचारायचं कुणाला? म्हणून जे शिकायचं ते आधीच शिकून ठेवावं लागे. आत्मविश्वास ही इथे स्वभावाची नव्हे, भूगोलाची देणगी म्हणायची.

सरकारी परवानगी मात्र फार मागून आली. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले की मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन जीव वाचवतं. ते पूर्वी डॉक्टरच्याच हातचं काम. कुशल प्रसूती साहाय्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि रुग्णाला पुढे पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएमने द्यायला मुभा मिळाली. त्यासाठी २१ दिवसांचं प्रशिक्षण ठरलं. हातातली सुई तीच. बदलला तो अधिकार.

पदवीचीही तीच तऱ्हा. डिप्लोमा झालेली नर्स नोकरी सोडून कॉलेजात कशी जाणार? १९९४ मध्ये इग्नू या मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग सुरू केलं. घर, नाइट ड्युटी आणि टपालाने आलेली पुस्तकं एकत्र सांभाळणाऱ्या बाईला ‘स्वयंअध्ययनाची तयारी आहे का’ असं विचारणं म्हणजे कोळ्याला पोहता येतं का विचारणंच.

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या प्रशिक्षणासाठी ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावर केंद्राच्या ‘आयगॉट’ योजनेचे ऑनलाइन कोर्स आले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळ्याकडची कित्येक गावं काही आठवडे अंधारात होती, मोबाइलची रेंजही गेली. ऑनलाइन अभ्यास कितीही चांगला असला, तरी तो विजेच्या खांबांवरच उभा असतो.

आता नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या सततच्या शिक्षणाची अट आहे. अट योग्यच. पण ते तास सुट्टीच्या दिवशी आणि स्वतःच्या खर्चाने भरायला लावू नयेत. जिल्हा परिषदेने आणि आरोग्य विभागाने ते ड्युटीत धरावेत.