वृक्ककार्यमापन

रक्तातील त्याज्य पदार्थ गाळून मूत्रावाटे बाहेर टाकण्याची वृक्कांची (मूत्रपिंडांची) क्षमता ठरविण्याच्या पद्धती. दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो (निस्यंदन त्वरा), त्यावरून ही क्षमता व्यक्त करतात.

माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञांना १८८६ मध्ये असे आढळले की, अल्कधर्मी विद्रावात क्रिॲटिनीन व पिक्रिक अम्ल यांच्या विक्रियेने नारिंगी-तांबडा रंग येतो. ओटो फोलिन यांनी १९०४ मध्ये तीवर वर्णमापनाची पद्धत बसविली. स्वस्त व सोपी असल्याने ती मुंबईच्या उपनगरांतील लहान प्रयोगशाळांतही रुळली. मात्र ग्लुकोज, ॲसिटोन इ. पदार्थही या मापनात व्यत्यय आणतात. याहून मोठा दोष पद्धतीचा नव्हे, तर खुद्द क्रिॲटिनिनाचा आहे. ते स्नायूंत तयार होत असल्याने कृश वा वृद्ध व्यक्तीचे निम्मे वृक्ककार्य नष्ट झाले, तरी रक्तातील प्रमाण सामान्य दिसू शकते.

होमर स्मिथ प्रभृतींनी १९३० नंतरच्या दशकात प्रमाणभूत ठरविलेली इन्युलीन-पद्धती अचूक खरी. पण शिरेतून सतत विद्राव सोडणे व ठराविक वेळाने मूत्र गोळा करणे यांमुळे ती संशोधनापुरतीच राहिली.

मधला मार्ग किरणोत्सर्गी समस्थानिकांनी दाखविला. मुंबई उपनगरातील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे ‘अप्सरा’ (१९५६) व ‘सायरस’ (१९६०) या अणुभट्ट्या सुरू झाल्यावर समस्थानिकांचे देशी उत्पादन शक्य झाले. टेक्नेशियम-९९एम या समस्थानिकाचा अर्धायुकाल अवघा ६ तासांचा असल्याने ते साठविता येत नाही, सु. ६६ तास अर्धायुकालाच्या मॉलिब्डेनम-९९ पासून ते रुग्णालयातच वेगळे करतात. डीटीपीए या संयुगास जोडून ते टोचल्यावर गॅमा कॅमेऱ्याने प्रत्येक वृक्काचे कार्य स्वतंत्रपणे अजमाविता येते. कॅमेऱ्याचा आकडा रक्तनमुन्यांवरून काढलेल्या आकड्याइतका अचूक नसतो. तरीही वृक्कदात्याचे कोणते वृक्क काढावे, हे ठरविण्यास तो उपयोगी पडतो. नुसत्या क्रिॲटिनिनावरून तो निर्णय करता येत नाही.

कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ मध्ये वय, वजन व क्रिॲटिनीन यांवरून अनुमानाचे सूत्र दिले. ते कॅनडातील २४९ रुग्णांवर आधारलेले होते व त्यांत बहुतेक पुरुषच होते. पुढील सूत्रेही मुख्यतः पाश्चात्त्य लोकांवरून बांधली गेली. भारतीयांचे स्नायुमान व आहारातील मांसाचे प्रमाण सामान्यतः कमी असल्याने ही सूत्रे येथे निस्यंदन त्वरा वाजवीपेक्षा अधिक दाखवितात, असे प्रत्यक्ष मापनाशी ताडून पाहता आढळले आहे.