वर्धा : नाव नदीचे, गाव कापसाचे

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील वीस-पंचवीस मंडळींना घेऊन आम्ही सेवाग्रामच्या भेटीस निघालो होतो. मुंबईहून नागपूरकडे धावणारी गाडी पुलगावच्या अलीकडे वर्धा नदीवरील पुलावर आली, तेव्हा आमच्यातील एका आजींनी लगबगीने पिशवी उचलली आणि विचारले, "फादर, वर्धा आली ना? उतरायचं?" आली होती ती नदी. शहर यायला अजून अर्धा तास होता. त्या वेळी आम्ही सारेच हसलो. परंतु आजींची चूक आमच्या मनात घर करून राहिली. ज्या शहराला नदीचे नाव आहे, त्या शहराच्या काठी ती नदी नसावी, याचे कारण काय? पुढे त्याचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा या शहराचा इतिहासच त्या एका प्रश्नात दडलेला आढळला.

वर्धा नदी मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात, मुलताईनजीकच्या सातपुड्याच्या पठारावर उगम पावते. वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा रेखीत ती दक्षिणेकडे जाते, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. शहराची तहान मात्र भागवते ती धाम नावाची लहानशी नदी. येळाकेळी आणि पवनार येथून तिचे पाणी उचलून शहराकडे आणले जाते. नाव एकीचे आणि पाणी दुसरीचे, असा हा प्रकार आहे.

भूमी काळी. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या खडकाची ही माती पावसात लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण कापसाला मानवतो. हवामान मात्र कठोर आहे. अरबी समुद्र दूर, बंगालचा उपसागरही दूर. त्यामुळे समुद्राचा सौम्य हात या प्रदेशावरून कधी फिरत नाही. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही. येथे तो दिसण्यापूर्वीच वाळतो. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की जे नऊ दिवस येतात त्यांना विदर्भात 'नवतपा' म्हणतात. आम्ही नेमके त्याच दिवसांत जाऊन पोहोचलो होतो, हे आमच्या नियोजनाचे कौशल्य! दुपारी बारानंतर रस्ते ओस पडत. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा सायकलस्वार दिसला तर दिसला. पाऊस वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मध्येच पंधरा-वीस दिवस पाठ फिरवतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या पंधरा-वीस दिवसांवर अवलंबून असते.

या परिसरात प्राचीन नगर नव्हते असे नव्हे. शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीकाठी पवनार आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. काही विद्वान तो मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. हा प्रवरसेन गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा नातू, प्रभावतीगुप्तेचा पुत्र. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य त्याच्या नावावर आहे. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली पवनारला उत्खनन केले, तेव्हा तेथील जुन्या वस्तीचे थर उजेडात आले. जुन्या लोकांनी गाव वसवले ते पाण्याच्या काठी.

इंग्रजांनी मात्र ते कापसाच्या काठी वसवले. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला होता. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे एका प्रतीचेच नाव होते. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत धूळ आणि पाऊस खाऊन तो किती मळत असेल, याची कल्पना करावी. कापसाच्या व्यवहारावर देखरेख ठेवण्यासाठी सरकारने रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कॉटन कमिशनरच नेमला होता. माणसांच्या दुष्काळासाठी एवढी तत्परता त्या राजवटीने क्वचितच दाखवली, हे आमचे मत येथे नोंदवून ठेवतो.

नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा १८६२ साली करण्यात आला. आरंभी त्याचे ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते, म्हणजे नदीच्या जवळ. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरकडे सरकत होता, आणि १८६६ साली जिल्ह्याचे ठाणे पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी हलवण्यात आले. तेथे आखीव शहर उभे राहिले, त्याला जिल्ह्याचे, म्हणजेच नदीचे नाव मिळाले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. पालकवाडी हे नाव शहराच्या पोटात विरून गेले. आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे १८६६ साली सापडते.

पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, राजस्थानातून व्यापारी आले. त्यांपैकीच बच्छराज बजाज यांच्या घराण्यात दत्तक आलेला मुलगा म्हणजे जमनालाल. कापसाच्या व्यापारातून आलेले धन त्यांनी गांधीजींच्या कार्याकडे वळवले. १९२१ साली विनोबा भावे वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यास आले. १९२८ साली जमनालालजींनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. त्यांच्याच आग्रहावरून १९३४ साली गांधीजी वर्ध्यास राहावयास आले.

येथे भूगोल पुन्हा आडवा येतो. मुंबई-कलकत्ता मार्गावर वर्धा होतेच. १९२९ साली काझीपेठ-बल्हारशा हा दुवा पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास मार्गही येथून जाऊ लागला. देशाच्या चारही दिशांचे कार्यकर्ते या स्थानकावर उतरू शकत होते. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरूनच इंग्रजी सत्तेचा निरोप घेण्याची तयारी करणारी माणसे आली. १९४२ च्या जुलैमध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास भरली आणि १४ जुलैला ब्रिटिशांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव झाला. मुंबईचा ऑगस्टमधील ठराव सर्वांना ठाऊक आहे. त्याचा पाया येथला आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेथे साप-विंचू होते, मलेरिया होता. त्याच वर्षी मलेरियाने आजारी पडून त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात यावे लागले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातील कुट्या माती, बांबू आणि कवेलूंच्या. 'बापूकुटी' मूळची मीराबेनची. त्या दुपारी बाहेर उभे राहवत नव्हते. जाड मातीच्या भिंतींच्या आत शिरताच आमच्या मंडळींनी एकदम सुस्कारा सोडला. तेथून परतून शहरातील सिमेंटच्या खोलीत कूलरपुढे बसलो, तेव्हा तो पाण्याची भीक मागत होता.

आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या कार्यात ख्रिस्ती माणसे होती, आणि ती काठावर उभी नव्हती. वर्ध्यातील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा पाहत. तंजावरकडचा हा हिशेबतपासनीस अमेरिकेत शिकलेला. मुंबईचा व्यवसाय सोडून तो तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांच्या संगोपनात रमला. येशूच्या शिकवणुकीवर त्याने तुरुंगात पुस्तक लिहिले. सेवाग्रामची 'नई तालीम' आशादेवींसह चालवणारे आर्यनायकम् हे श्रीलंकेच्या जाफन्याचे ख्रिस्ती. राजकुमारी अमृत कौर याही ख्रिस्ती. आपल्या प्रवचनांतून ही नावे फारशी ऐकू येत नाहीत. आमच्याही प्रवचनांतून आली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून निघाले ते परतले नाहीत. विनोबा १९८२ पर्यंत पवनारला, धामच्या काठी राहिले. शहर वाढत राहिले, कापूसही पिकत राहिला. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी आली आणि गेली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहांत गांधींचा वर्धा जिल्हा होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडे आतून पोखरली. परतीच्या वाटेवर सेवाग्राम रस्त्याच्या कडेला एक शेतकरी भेटला. नांगरून ठेवलेल्या वावराकडे पाहत तो म्हणाला, "मृग लागला की सरकी टोकू, फादर. अवंदा तरी पानी वेळेवर येऊ द्या म्हना." आम्ही आकाशाकडे पाहिले. ते पांढरेफटक होते. आजींनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्या हाती दिली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून आम्ही निघालो.