राजा नसलेल्या समाजाचा पुजारी

एखाद्या समाजाचा इतिहास लिहावयास बसलें कीं प्रथम त्याच्या राजांची वंशावळ शोधावयाची, ही इतिहासकारांची जुनी खोड आहे. राजा सांपडला म्हणजे राजधानी सांपडते, राजधानी सांपडली म्हणजे लढाया व तह सांपडतात, आणि इतिहासाचा सांगाडा उभा राहतो. परंतु ज्या समाजानें राजा केलाच नाहीं, त्याचें काय? तेथें सत्ता कोणाच्या हातीं असते? ती कोण देतो, आणि देणाऱ्यास ती परत घेतां येते कीं नाहीं? पश्चिम आफ्रिकेंतील इग्बो लोकांच्या इतिहासांत हा प्रश्न मोठ्या निकडीनें पुढें आला. त्याचें अत्यंत मार्मिक विवेचन चिनुआ अचेबे यांच्या ‘ॲरो ऑफ गॉड’, म्हणजे ‘देवाचा बाण’, या १९६४ सालच्या कादंबरींत सांपडतें. कादंबरी हें दप्तर नव्हे, हें खरें. तथापि जेथें बरेंचसें दप्तर परक्या अधिकाऱ्यांनींच लिहिलेलें आहे, तेथें आंतल्या माणसाचें मन जाणणाऱ्या लेखकाची साक्ष घेतल्यावांचून न्याय पुरा होत नाहीं.

इग्बो लोकांची वस्ती मुख्यतः नायजर नदीच्या पूर्वेस, आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागांत आहे. ओनित्शासारखीं कांहीं स्थळें सोडलीं तर या लोकांत राज्य करणारे राजे नव्हते. इग्बोंना राजा नसतो, अशी त्यांची स्वतःचीच म्हण आहे. कांहीं वाड्या मिळून एक ग्रामसमूह होई, आणि समूहाचे प्रश्न उघड्यावर भरणाऱ्या सभेंत सुटत. तेथें वृद्धांचा मान असे, किताब मिळविलेल्या सधन पुरुषांचें वजन असे, समवयस्क तरुणांचे संघ सार्वजनिक कामें उचलीत, पूर्वजांचे आत्मे म्हणून मुखवटे घालून येणारे पुरुष तंट्यांचा निवाडा करीत, आणि देवांचे पुजारी विधि व निषेध सांगत. यांपैकीं कोणा एकाचाच शब्द अखेरचा नसे. एकाचें वजन दुसऱ्याच्या वजनानें तोललेलें, अशी ती रचना होती. वरवर पाहणाऱ्यास ती अराजकासारखी दिसे. वस्तुतः ती मोठ्या जपणुकीनें बसविलेली घडी होती.

अचेबे यांचा जन्म १९३० सालचा. वडील ख्रिस्ती मिशनचे धर्मशिक्षक. बालपण ओगिदी गांवीं गेलें. घरांत प्रार्थना व बायबल, आणि शेजारींच जुन्या देवांचे उत्सव, अशा दोन जगांच्या उंबरठ्यावर ते वाढले. त्यांच्या १९५८ सालच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या पहिल्या कादंबरीनें त्यांना जगभर कीर्ति मिळाली. २०१३ सालीं त्यांचें निधन झालें. पहिल्या कादंबरीचा नायक ओकोन्क्वो हा बाहुबळाचा माणूस आहे, आणि गोऱ्यांचें राज्य येतें तेव्हां तो मोडून पडतो. ‘देवाचा बाण’ची कथा त्यानंतरची, म्हणजे सुमारें १९२१ सालची आहे. राज्य येऊन बसलेलें आहे. आतां प्रश्न आहे तो त्याच्याखालीं जुन्या अधिकाराचें काय व्हावें हा. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकास ही दुसरी कथा अधिक उपयोगाची वाटते.

उमुआरो हा सहा गांवांचा समूह. पूर्वीं हीं सहा गांवें वेगळीं होतीं व आपापल्या देवांस भजत. अबाम लढवय्ये रात्रीं छापे घालून माणसें पकडून गुलामगिरींत नेऊं लागले, तेव्हां सहाही गांवांनीं एकत्र येऊन सर्वांचा मिळून एक देव स्थापिला. त्याचें नांव उलू. त्याचा पुजारी मात्र त्यांनीं मुद्दाम सर्वांत दुर्बळ गांवांतून निवडला. बलवानाच्या हातीं देव दिला तर तो राजा होईल, हें त्या निरक्षर मुत्सद्द्यांनीं ओळखलें होतें. देव माणसांनीं केला, एका गरजेसाठीं केला, आणि त्याच्या सेवकाच्या अधिकाराला जन्मतःच वेसण घातली. ज्या धर्माला परके लोक केवळ भुताखेतांचें भय समजत, त्याच्या पायाशीं असा एक राजकीय करार होता. इतकेंच नव्हे, तर जो देव कामाचा राहिला नाहीं त्यास टाकून द्यावें, अशीही त्या लोकांची समजूत होती. शेजारच्या एका गांवानें आपल्या देवास जाळून टाकल्याची आठवण कादंबरींत निघते, ती याच अर्थानें.

उलूच्या पुजाऱ्याचें, म्हणजे इझेउलूचें, मुख्य काम चंद्र पाहण्याचें. तेथील लोकांचें जीवन याम नांवाच्या, आपल्याकडील कोनफळाच्या जातीच्या, कंदावर चाले. सण झाला म्हणजे मोजके पवित्र कंद पुजाऱ्याकडे ठेवीत. प्रत्येक नवी चंद्रकोर दिसतांच त्यानें घंटा वाजवून लोकांस कळवावें व एक कंद भाजून खावा. कंद संपले कीं वर्ष भरलें. मग त्यानें नव्या कंदाच्या सणाचा दिवस सांगावा, आणि तो सण झाल्यावरच सर्वांनीं शेतांतील पीक काढावें. ज्यांच्या घरीं पंचांग पाहून सण ठरतात व अधिक मास मोजला जातो, अशा वाचकांस या योजनेंतील व्यवहार निराळा समजावून सांगावयास नको. कालगणना पवित्र मानली तरच ती सर्व पाळतात. परंतु येथेंच इझेउलूच्या मनास एक शंका डंख मारते. दिवस सांगणें हें आपलें कर्तव्य आहे. पण न सांगण्याचा अधिकार आपणांस आहे काय? नसेल, तर ही सत्ता म्हणजे मुलास ‘ही शेळी तुझी’ म्हणून सांगावें, तशीच कीं नाहीं? पुढील सर्व अनर्थाचें बीज या एका शंकेंत आहे.

इझेउलू हा क्षुद्र मनुष्य नव्हे. शेजारच्या ओक्पेरी गांवाशीं जमिनीचा तंटा निघाला, तेव्हां जमीन आपली नव्हे असें त्यानें स्वतःच्या लोकांस सांगितलें, आणि पुढें गोऱ्या अधिकाऱ्यापुढेंही तीच साक्ष दिली. सत्य बोलण्याचें हें धैर्य थोर खरें, परंतु लोकांनीं त्यास घरभेदेपणा मानलें. न्वाका नांवाचा धनाढ्य वक्ता सभेंत त्याच्याविरुद्ध लोकमत तापवीत राहिला. देव वाहून नेणाऱ्यानें राजा होऊं नये, हा त्याचा मुद्दा. न्वाकाचा हेतु मत्सराचा होता. त्याच्यामागें अजगरदेवतेच्या पुजाऱ्याची असूया उभी होती. तरी त्याचा मुद्दा मात्र उमुआरोच्या जुन्या घटनेस धरूनच होता. लेखकाचें मोठेपण यांत आहे कीं, त्यानें सत्य एका बाजूस व असत्य दुसऱ्या बाजूस अशी सोपी वांटणी केली नाहीं.

धर्म आणि धर्मभोळेपणा यांची सरमिसळही त्यानें अशीच दोन्हीकडे दाखविली आहे. इझेउलूनें आपला मुलगा ओदुचे यास, नव्या धर्मांत काय आहे तें पाहावें म्हणून चर्चमध्यें धाडलें. मुलानें पवित्र अजगरास पेटींत कोंडलें. मारण्याचें धैर्य नाहीं व भजण्याची इच्छा नाहीं, तेव्हां पेटींत तो आपोआप मरेल, ही त्या बालबुद्धीची तडजोड! नवा धर्मोपदेशक अजगर मारण्यास शिकवितो, तर मोझेस नांवाचा तेथलाच जुना ख्रिस्ती त्यास विरोध करितो. पुढें कॅप्टन विंटरबॉटम हा जिल्ह्याचा अधिकारी इझेउलूस पकडण्याचा हुकूम काढतो आणि त्याच सुमारास तापानें अंथरूण धरतो. ही उलूच्या पुजाऱ्याची करणी, अशी वदंता उठते, आणि ती पसरविणाऱ्यांत सरकारची चाकरी करणारे लोकच पुढें असतात.

परंतु त्या काळची सर्वांत बलवत्तर भोळी समजूत सरकारी कचेरींत राहत होती. प्रत्येक टोळीस एक मुख्य असतोच, तो फक्त शोधून काढावयाचा आहे, ही ती समजूत. सर फ्रेडरिक लुगार्ड यांनीं उत्तर नायजेरियांत सोकोटोच्या मुसलमान अमीरांचें राज्य १९०३ सालीं जिंकलें आणि त्याच अमीरांकरवीं कारभार चालविला. अमीरांपाशीं दरबार, कर व काजी हीं सर्व तयार होतीं; देशी संस्थानिकांमार्फत राज्य करण्याची तऱ्हा इंग्रजांस हिंदुस्थानांत परिचयाची होतीच. लुगार्ड यांचा जन्मही मद्रासचा. १९१४ सालीं उत्तर व दक्षिण नायजेरिया एक झाले, आणि लुगार्ड गव्हर्नर-जनरल झाले. इग्बो मुलखांत सनद देऊन मुख्य नेमण्याची पद्धत त्यापूर्वींच सुरू झालेली होती. आतां तिला तत्त्वज्ञानाचें पाठबळ मिळालें. जेथें राजे नव्हते, तेथें कागदावर सही करून राजे निर्माण केले गेले. अशा सनदी मुख्यांपुढें वजन नव्हतें, मागें पोलीस होता. कादंबरींतील ओक्पेरीचा इकेदी हा असाच मुख्य. तो लोकांस लुबाडतो आणि अखेर स्वतःस राजा म्हणवून घेतो. विंटरबॉटमला या पद्धतीचा तिटकारा आहे. पण हुकूम वरून येतो, आणि सत्य बोलणारा पुजारी म्हणून त्याला इझेउलू आठवतो.

या भ्रमाची किंमत इतिहासानें १९२९ सालीं वसूल केली. आदल्या वर्षीं या भागांत पुरुषांवर कर बसला होता. ओलोको येथें सनदी मुख्याचा माणूस एका विधवेच्या दारीं माणसें व जनावरें मोजावयास आला, आणि आतां कर स्त्रियांवरही बसणार, ही बातमी बाजाराबाजारांतून पसरली. एखाद्या पुरुषाचें वर्तन असह्य झालें तर त्याच्या घराभोंवतीं जमून गाण्यांतून त्याची निंदा करावयाची, ही इग्बो स्त्रियांची जुनी रीत. तीच आतां हजारों स्त्रियांनीं सनदी मुख्यांविरुद्ध चालविली. सरकारच्या गोळीबारांत पन्नासांहून अधिक स्त्रिया प्राणांस मुकल्या. त्यानंतर मात्र चौकशा झाल्या, इग्बो समाजरचनेचा अभ्यास झाला, आणि सनदी मुख्यांची पद्धत मोडीत निघाली. राजा नसलेला समाज म्हणजे नियम नसलेला समाज नव्हे, हें कळावयास इतके बळी पडावे लागले.

इझेउलूकडे परत येऊं. ओक्पेरीस नेल्यावर त्यास मुख्यपद देऊं केलें. उलूखेरीज आपण कोणाचेही मुख्य होणार नाहीं, असें त्यानें सांगितलें आणि तो कोठडींत राहिला. अधिकार पायाशीं चालत आला असतां त्यास ठोकर मारणारा हा वृद्ध येथें खरोखर तेजस्वी दिसतो. इकडे नव्या मुख्यांच्या नेमणुका थांबवाव्या असें वरूनच कळविण्यांत येतें, व तो सुटतो; म्हणजे ज्या योजनेपायीं तो कोंडला गेला, तिच्यावर तिच्या कर्त्यांचाही विश्वास उरला नव्हता. परंतु कैदेंत असतांना चंद्र उगवले, व ते कंद खावयाचे राहिले. घरीं परतल्यावर तो खंड भरून काढण्यास तो नाकारतो. कंद शिल्लक आहेत, म्हणून वर्ष भरलें नाहीं. वर्ष भरलें नाहीं, म्हणून सण नाहीं. सण नाहीं, म्हणून कापणी नाहीं. पीक जमिनींत अडकून पडतें, माती टणक होते, घरोघरीं उपासमार शिरते. ही केवळ कल्पना नव्हे. उमुचू या इग्बो गांवच्या इतिहासांत १९१३ सालची अशीच हकीकत नमूद आहे: मुख्यपद नाकारून कैद भोगून आलेल्या पुजाऱ्यानें चुकलेले महिने मोजण्यास नकार दिला होता.

गांवचे दहा थोर पुरुष इझेउलूकडे येतात व म्हणतात, उरलेले कंद आजच खा. देवाचा कोप झालाच तर तो आमच्या शिरीं. या प्रसंगाकडे वाचकानें नीट पाहावें. हे लोक नास्तिक नाहींत. देवास भिऊनच बोलत आहेत. परंतु देव माणसांसाठीं स्थापिला, माणसें देवाच्या कंदांसाठीं नव्हेत, हें मूळ त्यांना आठवतें, आणि पाप अंगावर घेण्याची त्यांची तयारी आहे. मी तर म्हणेन कीं, धर्म त्या क्षणीं त्या दहा जणांच्या बाजूस होता. इझेउलू मात्र आंतला आवाज ऐकतो: हा झगडा तुझा नव्हे, देवाचा आहे; तूं केवळ त्याच्या धनुष्यावरील बाण. असें वाटल्यानें मनुष्य नम्र होत नाहीं, उलट निर्धास्त होतो. न्वाकाच्या बोलण्याची जखम, कैदेंत एकट्यानें काढलेले दिवस, आपल्या माणसांनीं साथ न दिल्याचा सल, हें सर्व तो देवाच्या इच्छेंत लपवितो, आणि लपविल्याचें त्यास स्वतःस कळत नाहीं. ज्या ताठपणानें त्यानें परक्यांचें पद झुगारलें, तोच ताठपणा त्यानें उपाशी स्वकीयांपुढें धरला. गुण एकच होता. पुढें उभा असलेला मनुष्य बदलला होता.

याच संधीस चर्चची घंटा वाजत असते. नव्या देवास कंद वाहा, मग खुशाल पीक काढा, तुमच्या देवाचा कोप तुम्हांस बाधणार नाहीं, असें धर्मोपदेशक सांगतो. इतक्यांत इझेउलूचा मुलगा ओबिका, अंगांत ताप असतांही दुसऱ्याच्या उत्तरकार्यांतील मुखवट्याचें काम पत्करून धावतो आणि कोसळून मरतो. बापाची बुद्धि चळते. देवानेंच हट्टी पुजाऱ्यास शासन केलें असा अर्थ लोक लावतात. परंतु पुजाऱ्यास चिरडणाऱ्या देवानें आपलाही आधार मोडला, हें लवकरच दिसून येतें. त्या वर्षीं अनेक बापांनीं आपापल्या मुलांच्या हातीं एक-दोन कंद देऊन त्यांना चर्चकडे पाठविलें. उपदेशानें जें झालें नव्हतें, तें उपासमारीनें झालें.

जुना धर्म भोळा म्हणून हरला व नवा शहाणा म्हणून जिंकला, असा निष्कर्ष येथून काढणें ही मोठी चूक होईल. मुलें चर्चकडे गेलीं तीं मत पालटून नव्हे, पोट भरावें म्हणून. आणि नव्या देवाशीं झालेला तो व्यवहारही, अबामांच्या छाप्यांच्या काळीं उलूशीं केलेल्या करारासारखाच, संरक्षणाचा होता. जुन्या घटनेंत पुजाऱ्याला सभा आवरी व सभेला देव आवरी. परक्या सत्तेनें पुजाऱ्यास उचलून नेलें तेव्हां हा तोल गेला, आणि तो परत सांवरण्याची संधि दहा वृद्ध त्याच्या दारीं घेऊन आले असतां त्यानें ती परत पाठविली. परक्यांचा दोष मोठा व पहिला. तरी शेवटचा दरवाजा आंतून बंद झाला, हें लिहिण्याचें धैर्य अचेबे यांनीं दाखविलें. शेतांत पीक तयार होतें, तें काढावयास हात होते. अडलें होतें तें एका तोंडांतून निघावयाच्या एका शब्दापाशीं.