तोफेची दारू, घशाचा फवारा आणि ड्युको

जुनी फियाट किंवा मॉरिस घरच्या पार्किंगमध्ये उघडून बसलेल्या माणसाचे इंजिन एक वेळ लवकर मार्गी लागते. पत्रा आणि रंग मात्र महिनोन्महिने पुरतात. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड झाला, ठोकून पोचे निघाले, लांबी भरून घासून झाली, की पेंटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘ड्युको मारायचा की पीयू?’’

ड्युको हे डुपाँ या अमेरिकी कंपनीने 1923 मध्ये बाजारात आणलेल्या रंगाचे नाव. आपल्याकडे डबा कुठल्याही कंपनीचा असो, नायट्रोसेल्युलोजच्या म्हणजे एन.सी. रंगाला सगळे ड्युकोच म्हणतात. स्वयंपाकघराच्या शटरांना गनने रंग मारणारे सुतारसुद्धा कोटेशनात बिनदिक्कत ‘ड्युको फिनिश’ लिहितात. या रंगाचे कूळ मात्र मोटारीच्या नव्हे, तोफेच्या घराण्यातले आहे.

1846 साली बाझेलचा रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्टियान शॉनबाइन याने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात कापूस बुडवून गनकॉटन तयार केले. स्वयंपाकघरात आम्ल सांडले, ते त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसले, एप्रन वाळत घातला आणि तो भप्पकन जळून गेला, ही गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांत हमखास येते. ती खरी असो वा रचलेली, पदार्थाचा स्वभाव तिने नेमका पकडला आहे. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधल्या फॅवरशॅमच्या गनकॉटन कारखान्यात मोठा स्फोट होऊन कामगार दगावले. पण याच कापसावर आम्लाची प्रक्रिया थोडी सौम्य ठेवली, की तो स्फोटक राहत नाही आणि अल्कोहोल-ईथरमध्ये विरघळून पारदर्शक पापुद्रा देतो. त्यापासून जखमेवर लावायचे कोलोडियन झाले, फोटोच्या ओल्या काचा झाल्या, सेल्युलॉइड झाले आणि सिनेमाची रिळेही. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुने मूकपट आणि बोलपट भस्मसात झाले, ते याच नायट्रेट फिल्मवरचे. म्हणजे ड्युकोची ही सख्खी भावकी.

पितळी वस्तूंवर मारायला असले लॅकर एकोणिसाव्या शतकातही मिळे. मोटारीवर ते चालत नसे. थोडासा कापूस विरघळवला तरी द्रावण काकवीसारखे घट्ट होई. गनमधून उडण्याइतके पातळ करावे, तर त्यात कापूस आणि रंगद्रव्य नावापुरतेच उरे. झाकण्याइतका थर जमायला किती हात मारायचे याला सुमार नसे.

त्यामुळे मोटारी रंगवल्या जात त्या घोडागाडीच्या रीतीने. जवसाच्या तेलातला रंग, वर कोपल व्हार्निश, सगळे ब्रशने. एक हात वाळला की प्युमिसने घासायचा, मग दुसरा, मग तिसरा. धूळ बसू नये म्हणून दारे-खिडक्या बंद. उंची गाडीला तीन-चार आठवडे सहज लागत. जनरल मोटर्सचे अल्फ्रेड स्लोन यांनी आत्मचरित्रात याचा हिशेब मांडला आहे: दिवसाला 1,000 गाड्या निघत असतील आणि प्रत्येकीचा रंग तीन आठवडे चालत असेल, तर 18,000 गाड्या छपराखाली नुसत्या वाळत उभ्या करायला 20 एकर जागा हवी. एवढे करून ते व्हार्निश उन्हापावसात लवकरच पिवळे पडून तडकायचे. फोर्डने यातून आपली सुटका केली ती भट्टीत भाजलेल्या काळ्या रंगाने. 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी काळ्या रंगातच मिळे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा डुपाँकडे नायट्रोसेल्युलोज बनवण्याची अवाढव्य यंत्रणा होती आणि तोफा थंडावल्या होत्या. शिवाय जनरल मोटर्सच्या समभागांचा मोठा हिस्सा डुपाँच्याच हाती होता. 1920 पासून 1923 पर्यंत पिएर डुपाँ स्वतः जनरल मोटर्सचे अध्यक्ष होते. माल पडून आहे आणि गिऱ्हाईक घरातलेच, असा योग. तरी घट्टपणाचे कोडे सुटत नव्हते.

ते सुटले एका सुटीत. जुलै 1920 मध्ये न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या डुपाँच्या प्रयोगशाळेत फिल्मसाठी केलेले नायट्रोसेल्युलोजचे द्रावण सोडियम अॅसिटेट घातलेल्या अवस्थेत उकाड्यात तसेच पडून राहिले. परत आलेल्यांना पिंपात घट्ट जेलीऐवजी पातळ पाक दिसला. एडमंड फ्लॅहर्टी यांच्या चमूने ते फेकून न देता तपासले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड झाल्या होत्या. आता कापूस भरपूर विरघळवता येत होता, रंगद्रव्य भरपूर घालता येत होते आणि द्रावण पातळच राहत होते. जनरल मोटर्सच्या चार्ल्स केटरिंग यांच्या संशोधन विभागाबरोबर तीनेक वर्षे झटापट झाली आणि 1924 च्या मॉडेलची ओकलँड ही गाडी निळ्या ड्युकोत बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले. केटरिंग पुढे एक किस्सा चांगलाच रंगवून सांगत: इतक्या झटपट रंग होणे अशक्य म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला त्यांनी जेवायला नेले, आणि जेवून बाहेर येईपर्यंत त्या गृहस्थांची स्वतःची गाडी दुसऱ्या रंगाची झालेली होती.

ब्रशने हा रंग लागत नाही. थिनर खालचा थर लगेच सैल करतो आणि ब्रश तो ओढत नेतो. त्याला फवाराच हवा, आणि फवारा तयार होता. ओहायो राज्यातल्या टोलिडोच्या अॅलन डेव्हिलबिस या डॉक्टरांनी 1880 च्या दशकात रुग्णांच्या घशात औषध उडवायला रबरी फुग्याचा फवारा केला होता. त्यांचा मुलगा थॉमस याने 1907 मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन काढली. आज कॉम्प्रेसरला जोडलेली कुठलीही गन हातात घ्या, तिचे मूळ त्या दवाखान्यात सापडते.

ड्युकोने नुसता वेळ वाचवला नाही, गिऱ्हाइकाची आवड बदलली. रंग ही निवडायची गोष्ट झाली. 1926 च्या मॉडेलपासून फोर्डलाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला, आणि 1927 मध्ये जनरल मोटर्सने हार्ले अर्ल यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ नावाचा विभागच उघडला. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस चित्रांत हा मोटारीचा रंग इतका वापरू लागले की त्यांना ‘एल ड्युको’ हे टोपणनाव पडले.

मुंबईत जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरच्या गाड्या कुर्ल्यातून 1947 पासून निघू लागल्या. पुढे आयातबंदीच्या दशकांत गाडी बदलणे हा प्रकार फारसा नव्हताच. तीच गाडी पुन्हा ठोकून, पुन्हा रंगवून चालवायची. त्या व्यवहाराला ड्युकोइतका सोयीचा रंग दुसरा नव्हता.

याचे कारण त्याच्या वाळण्यात आहे. तैलरंग किंवा एनॅमल वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून कायमचा बदलतो. दोन भागांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनरशी जुळून घट्ट होतो. ड्युकोत असे काही घडत नाही. थिनर उडून जातो, बस्स. पुन्हा थिनर मिळाला की तो पुन्हा विरघळतो, म्हणून नवा हात जुन्यात मिसळून एकजीव होतो. दारावर ओरखडा आला तर फक्त तेवढीच जागा दुरुस्त होते, सांधा दिसत नाही. ओघळ आला, माशी चिकटली, तर पाण्याचा पेपर घेऊन घासा आणि पुन्हा मारा. घरी शिकत शिकत काम करणाऱ्याला याहून क्षमाशील रंग मिळणार नाही. गाडीवरचा जुना रंग कोणता हे ओळखायची युक्तीही यातूनच निघाली आहे: डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासायचा. रंग बोळ्यावर उतरला तर एन.सी.; सुरकुतला तर बहुधा एनॅमल, आणि त्यावर ड्युको मारला तर सगळे उकलणार.

त्याचे नखरेही आहेत. मुंबईच्या जुलैत हा रंग मारू नये. थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि काळ्या गाडीवर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. हात पातळ, म्हणून ते बरेच द्यावे लागतात. मग 1000, 1500 चा पेपर आणि शेवटी रबिंग. थर आत आक्रसत राहतो, तेव्हा घाईने पॉलिश केले तर महिन्याभरात खालच्या पेपरचे चरे वर दिसू लागतात. त्याची घासलेली कोरडी पूड भुरकन पेटते, कूळ विसरलेली नाही. जुन्या थरांत शिसे असण्याचा संभव असतो, त्यामुळे ओले घासणे आणि तोंडाला नीट मास्क हवाच. पीयूच्या हार्डनरमधली आयसोसायनेट तर साध्या मास्कला जुमानत नाहीत. घरच्या पार्किंगमध्ये पीयू मारणे हा शहाणपणा नाही.

दिसण्याचा मुद्दा वेगळाच. 1960 च्या फियाटला पीयूची काचेसारखी चकाकी दिली, की ती नटवलेली वाटते. तशी ती शोरूममध्येही कधी नव्हती. पण हाच न्याय लावायचा तर 1914 च्या गाडीवर ड्युकोसुद्धा चुकीचा. तिला व्हार्निश आणि ब्रशच पाहिजे, आणि तेवढा धीर फार थोड्यांकडे असतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. 1974 ची प्रीमियर पद्मिनी आता त्या वयाची झाली.

युरोपात हवा खराब करणाऱ्या थिनरमुळे हा रंग दुकानातून जवळपास हटला आहे. युरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशात मात्र एक फट ठेवलेली आहे: ऐतिहासिक मोलाच्या इमारती आणि व्हिंटेज गाड्या यांच्या डागडुजीसाठी सदस्य देश मोजक्या प्रमाणात, परवान्यावर असा रंग विकू देऊ शकतात. आपल्याकडे अजून परवाना लागत नाही. दाराच्या रबराखाली किंवा डॅशबोर्डमागे ऊन न लागलेला मूळ रंग सापडतो. तो तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात गेले, की दुकानदार डबे उघडून थेंब थेंब मिसळत छटा जुळवून देतो.