दुसरे तिकीट

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या घरी तीन प्रश्न हमखास निघतात. यंदा चकली मऊ का पडली? पाहुण्यांच्या गाद्या कुठे घालायच्या? आणि, "काय हो, एखादा बरा सिनेमा लागलाय का कुठे?" पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल स्वयंपाकघरात परस्पर लागतो. तिसऱ्यावर मात्र फराळाची ताटे रिकामी होईपर्यंत वाद चालतो. भाचा सांगतो, "मामा, मुळीच जाऊ नका, मी मध्यंतरातच उठून आलो." आणि त्याच चित्रपटाला आमचे मेहुणे दोनदा जाऊन आलेले असतात!

या वादात शेवटचा शब्द असे तो आमच्या आत्याचा. तिचे परीक्षण कधी एका वाक्यापलीकडे गेले नाही. "रडायचं असेल तर जा." "पोरांना नेऊ नका." आणि सगळ्यांत वाईट शेरा म्हणजे, "थेटरातले पंखे चांगले होते." एवढे शब्द कानी पडले की त्या चित्रपटाचे नाव आमच्या घरात पुन्हा निघत नसे. तिच्या शब्दावर आमच्या घरातल्या दोन पिढ्यांनी सिनेमे पाहिले आणि सोडले.

आता आत्या नाही. पण आपल्या चित्रपटांचा जुना इतिहास चाळताना तिची आठवण वारंवार येते आणि एक शंकाही येते. प्रेक्षकाचा हा ताटावरचा निकाल कितपत टिकतो? आणि तो चुकला, तर अपील करायचे कुठे?

असे निकाल द्यायला आपल्याकडे सुरुवात झाली ती ७ जुलै १८९६ रोजी. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी 'हलती चित्रे' दाखवली. तिकीट होते एक रुपया, आणि रुपया म्हणजे तेव्हा चैनच. पडद्यावर काय, तर स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटलेले कामगार, समुद्रात डुंबणारी माणसे. ना कथा, ना गाणे. पण ते पाहायला आलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांना तो खेळ इतका आवडला की त्यांनी २१ गिनी मोजून विलायतेहून कॅमेराच मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. खेळ पसंत पडल्याची याहून रोकडी पावती कोणती असेल?

पुढची गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक मूकपट पाहिला. डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मनात गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांच्या त्या आठवणीत एक लहानसा तपशील आहे. खेळ संपल्यावर ते घरी गेले नाहीत. त्यांनी दुसरे तिकीट काढले आणि तोच खेळ पुन्हा पाहिला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन तो दाखवला. मग विम्याची पॉलिसी गहाण पडली, विलायतेची वारी झाली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पहिल्यांदा पाहिले ती करमणूक होती. धंदा जन्माला आला तो दुसऱ्या तिकिटाच्या पोटी.

त्या पहिल्या प्रेक्षकांना नुसता चित्रपट पुरा पडेल अशी चालकांना खात्री नव्हती. खेळासोबत नाच, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू खेळवणारा एक कसरतपटू अशी भरगच्च जोड दिली होती. मुंबईत चित्रपट तेवीस दिवस चालला. पण सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला जेमतेम तीन रुपये, अशी आठवण सांगतात. तिथल्या थिएटरवाल्याची तक्रार मोठी रोखठोक होती. नाटक दोन आण्यांत सहा तास चालते. तुमचा खेळ तीन आणे घेतो आणि दीड तासात संपतो, माणसे येतील कशाला? दादासाहेबांनी गिऱ्हाइकाची नाडी ओळखली आणि जाहिरातच बदलली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि मोल फक्त तीन आणे! दोन मैल म्हटल्यावर गर्दी लोटली. आज तिकिटाच्या पैशात दोन चित्रपट दाखवायला हवे होते म्हणणारा आमचा भाचा त्या सुरतकरांचाच वारस म्हणायचा.

असे निकाल हसण्यावारी नेता येतात. पण एक निकाल असा आहे की तिथे हसू येत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला तेव्हा खुद्द लोकमान्यांनी त्यांची पाठ थोपटली. स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवणारा हा कलावंत. १९२५ साली त्यांनी एक वेगळेच धाडस केले. देव नाहीत, राक्षस नाहीत, शिवकाल नाही, ना. ह. आपट्यांच्या कथेवरून त्यांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. एक गरीब शेतकरी, त्याची जमीन गिळणारा सावकार, खोटा कागद, आणि शेवटी गाव सोडून गिरणीत मजुरीला लागलेला माणूस. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम.

जाणत्यांनी वाखाणला. पण पौराणिक चमत्कारांना सोकावलेल्या प्रेक्षकाने पाठ फिरवली. त्यात त्याचा फारसा दोष काढता येत नाही. दिवसभर ज्याच्या उंबऱ्यावर सावकार बसलेला, त्याने रात्री पैसे मोजून पुन्हा सावकारच का पाहावा? त्याला दोन घटका वैकुंठ हवे होते. पेंटरांनी हीच कथा १९३६ साली बोलपटातून पुन्हा सांगितली. पण तो मूळ मूकपट गेला. तो आज उपलब्ध नाही. ज्यांनी तो तेव्हा पाहिला त्यांनी त्यातल्या अंधाऱ्या झोपडीची आणि भुंकणाऱ्या कुत्र्याची आठवण आयुष्यभर सांगितली. आपल्या वाट्याला आठवणीची तेवढी आठवण उरली. १९२५ च्या प्रेक्षकाने 'जाऊ नका' म्हटले ते शेजाऱ्याला. ऐकावे लागले ते आपल्याला.

याच्या उलटही घडते, आणि तेही त्याच कोल्हापूरच्या कुशीतून निघालेल्या माणसांच्या हातून. पेंटरांच्या तालमीत तयार झालेली मंडळी बाहेर पडली आणि १९२९ साली 'प्रभात' निघाली. १९३३ साली ती पुण्यास आली. तिथे दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' करायला घेतला. तुकोबांच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडले विष्णुपंत पागनीस यांना. पागनीसांची ख्याती कशाची, तर रंगभूमीवरच्या स्त्रीभूमिकांची! हा नाजूक माणूस देहूचा वाणी कसा वाटणार, अशी शंका कंपनीतच निघाली. आवलीसाठी निवड झाली गौरी हिची, आणि ती तर स्टुडिओत झाडलोटीच्या कामापासून वर आलेली.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला आणि तिथे ५७ आठवडे मुक्काम ठोकून राहिला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण खरा गौरव केला तो पिटातल्या प्रेक्षकाने. पागनीसांना लोक नट म्हणून पाहीनासे झाले. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद तर भल्याभल्यांनी तुकोबांचाच अभंग म्हणून मानले. आणि आवली! लेकराच्या दुखण्याने कावून हातात वहाण घेऊन देवळात शिरणारी आणि शेवटी वैकुंठाला येण्यापेक्षा पोरांना आणि म्हशीला सांभाळणारी ही बाई महाराष्ट्रातल्या बायकांनी लगेच ओळखली. ती त्यांच्या माजघरातच राहत होती. इथे ताटावरचा निकाल कंपनीतल्या जाणकारांपेक्षा शहाणा ठरला.

तेव्हा प्रेक्षक कधी चुकतो, कधी जिंकतो. एवढेच असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. पुस्तक पहिल्या वर्षी खपले नाही तरी एखाद्या वाचनालयाच्या कपाटात पन्नास वर्षे धीर धरून बसते. जुन्या चित्रपटाला तो धीर नसतो. त्याची फीत नायट्रेटची. ती आपोआप कुजते, चिकटते आणि पेट घेतला तर विझता विझत नाही. शिवाय तिच्यात चांदीचा अंश. चालून चालून जुनी झालेली फीत मालकाला अडगळ वाटे आणि चांदी काढणाऱ्याला मोलाची. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानतात. त्यांतले हाती उरले आहेत ते अगदीच थोडे. 'राजा हरिश्चंद्र'चीही आज पहिली आणि शेवटची एवढीच रिळे आहेत, आणि तीसुद्धा फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक म्हणतात.

आणि कोणी समजू नये की लोकांनी डोक्यावर घेतलेले चित्रपट तरी वाचले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा पहिला बोलपट लागला तेव्हा चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. त्याचीही प्रत आज कुठे नाही. म्हणजे नाक मुरडून जे झाले, तेच टाळ्या पिटूनही झाले. टाळ्या वाजवून आपण घरी गेलो, आणि डबे कुठे ठेवले हे कोणी विचारले नाही.

विचारणारा एक माणूस पुढे निघाला. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पी. के. नायर तिथे दाखल झाले. या गृहस्थाने गावोगाव हिंडून, जुन्या मालकांच्या घरी खेपा घालून डबे गोळा केले. फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' आज आपण पाहू शकतो तो त्यांच्या धडपडीमुळे. त्यात फाळक्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. तिचे खट्याळ डोळे पाहताना शंभर वर्षांचे अंतर कुठल्या कुठे जाते. नायर २०१६ साली गेले. त्याआधी, जानेवारी २००३ मध्ये, पुण्यात आग लागली आणि सांभाळलेल्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. सांभाळूनही जातात, तर न सांभाळता काय होणार?

आता कोणी म्हणेल, इतिहास पुरे. आम्ही पाहायचे काय ते सांगा. सांगतो. २०१४ साली तयार झालेला 'कोर्ट' ज्यांनी 'फार संथ' म्हणून सोडला असेल, त्यांनी तो एकदा निवांत पाहावा. त्यातला कॅमेरा जागचा हलत नाही, कारण त्या कचेरीत तारखांखेरीज काहीच हलत नाही. २००४ चा 'श्वास' मुलांबरोबर पाहावा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळवून दिले ते त्याने. २०१६ चा 'सैराट' गाण्यांसाठी पाहिला असेल तर शेवटच्या पाच मिनिटांसाठी पुन्हा पाहावा. तिथे गाणे नाही, आवाजच नाही. २०२३ चा 'बाईपण भारी देवा' मला स्वतःला थोडा गोड वाटला. पण गल्लीतल्या बायका नटूनथटून, डबे घेऊन, घोळक्याने त्याला निघाल्या तेव्हा माझ्या मताला कोणी विचारले नाही, आणि तेच बरे झाले. सोडावेत असे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांची नावे सांगून ऐन दिवाळीत वैर कशाला घ्या?

जाता जाता आत्याची एक गोष्ट सांगायची राहिली. १९७५ च्या सुमारास ती जब्बार पटेलांचा 'सामना' पाहून आली होती. निळू फुले आणि श्रीराम लागू यांची ती जुगलबंदी, आणि साखर कारखान्याच्या सावलीत नाहीसा झालेला मारुती कांबळे. आत्याने चपला काढता काढता निकाल दिला, "पंखे चांगले होते." झाले, आमच्या घरातले कोणी गेले नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो एका दुपारी दूरदर्शनवर लागला. आत्या तेव्हा थकली होती. वाती वळता वळता ती पाहू लागली, आणि थोड्या वेळाने वाती तशाच राहिल्या. खेळ संपल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा घरी पाहुणे होते रे. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे." आणि दोन दिवसांनी, भाजी निवडताना, माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "त्या मारुती कांबळेच्या बायकोचं पुढे काय झालं असेल?"

त्या दुपारी ती फीत कुठेतरी शाबूत होती, म्हणून आमच्या आत्याला आपला निकाल फिरवता आला.